जिंकलेला माणूस रंगमंचावर हरतो तेव्हा



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला ‘नाटक आणि विज्ञान’ असा ऐसपैस विषय दिला होता. त्या विषयावर तासभर बोलत राहणे अवघड नाही, पण अशा बोलण्यातून हाती फारसे काही लागत नाही. म्हणून मी एकच नाटक घेऊन तुमच्यासमोर आलो आहे. आरन सॉर्किन या अमेरिकन नाटककाराचे ‘द फार्न्सवर्थ इन्व्हेन्शन’. ज्याने इलेक्ट्रॉनिक दूरचित्रवाणी, म्हणजे आपला टीव्ही, प्रत्यक्षात आणला त्या फायलो फार्न्सवर्थच्या आयुष्यावरचे हे नाटक. न्यूयॉर्कच्या म्यूझिक बॉक्स थिएटरमध्ये ३ डिसेंबर २००७ रोजी ते रीतसर सुरू झाले. खरे तर नोव्हेंबरातच व्हायचे होते, पण ब्रॉडवेच्या पडद्यामागच्या कामगारांनी संप पुकारला आणि मुहूर्त पुढे गेला. २ मार्च २००८ला प्रयोग थांबले. म्हणजे जेमतेम तीन महिने. दिग्दर्शन डेस मॅकअनफ यांचे. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, म्हणजे आरसीए या कंपनीचा सर्वेसर्वा डेव्हिड सारनॉफ याची भूमिका हँक अझारिया यांनी केली आणि फार्न्सवर्थची जिमी सिम्पसन यांनी. मी संहिता वाचली आहे, आणि बोलणार आहे ते संहितेविषयी.

माझी तक्रार आधीच सांगून टाकतो. या नाटकात फार्न्सवर्थ पेटंटचा दावा हरतो. प्रत्यक्षात तो जिंकला होता.

आता हा माणूस कोण ते पाहू.

फायलो टेलर फार्न्सवर्थचा जन्म १९ ऑगस्ट १९०६चा. अमेरिकेतल्या युटा राज्यात, बीव्हर गावाजवळ, लाकडी ओंडक्यांच्या घरात. घराणे मॉर्मन पंथाचे, धंदा शेतीचा. पुढे कुटुंब आयडाहोत रिग्बीजवळच्या शेतावर राहायला गेले. तिथे घरात वीज होती, स्वतःचा जनित्रसंच होता, आणि माळ्यावर कुणीतरी टाकून दिलेली विज्ञानाची मासिके होती. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आणखी काय हवे! घरच्यांनी पुढे अनेकदा सांगितलेली हकिकत अशी, की चौदाव्या वर्षी शेतात औत चालवताना त्याने मागे वळून पाहिले आणि एकामागोमाग एक पडलेल्या सरळ तासांकडे पाहता पाहता त्याला सुचले, की चित्रही असेच ओळीओळीने वाचता येईल. जमीन नांगरतो तसेच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग खालची ओळ, मग त्याखालची.

ओळीओळीने चित्र वाचायची कल्पना जगाला नवी नव्हती. जर्मनीत पॉल निप्कोने १८८४ साली भोकांची फिरती तबकडी सुचवली होती, आणि स्कॉटलंडचा जॉन लोगी बेअर्ड १९२६ साली लंडनमध्ये अशीच तबकडी वापरून चित्रे दाखवत होता. या मुलाचे वेगळेपण एवढेच, आणि ते फार मोठे, की त्याला तबकडीच नको होती. लोखंडाची चकती कितीही वेगाने फिरवली तरी तिला मर्यादा आहे. इलेक्ट्रॉनला वजन जवळजवळ नाही. तेव्हा फिरवायचे असेल तर इलेक्ट्रॉनला फिरवा, चुंबकाने. सगळा खेळ हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीत.

१९२२ साली त्याने ही योजना रिग्बीच्या शाळेतले रसायनशास्त्राचे शिक्षक जस्टिन टॉलमन यांना फळ्यावर काढून समजावली. फळा भरून आकृत्या. वहीतल्या कागदावरही त्या नळीचे चित्र काढून दिले. टॉलमन मास्तरांनी तो कागद जपून ठेवला. शाळकरी पोराचे असले कागद जपणारे शिक्षक किती असतात हे मी तुम्हाला सांगायला नको.

पुढचे भराभर सांगतो. वडील लवकर गेले, कॉलेज अर्धवट राहिले. सॉल्ट लेक सिटीत जॉर्ज एव्हरसन आणि लेस्ली गॉरेल हे दोघे धर्मादाय निधीच्या कामासाठी आले होते. त्यांच्या हाताखाली काम करताना या पोराने आपली कल्पना त्यांच्या गळी उतरवली. त्यांनी पैसे लावले. १९२६च्या मे महिन्यात एल्मा गार्डनरशी लग्न. तिला सगळे पेम म्हणत. नवराबायको कॅलिफोर्नियात गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रॉकर बँकेच्या मंडळींनी २५,००० डॉलर उभे केले आणि टेलिग्राफ हिलच्या पायथ्याशी २०२ ग्रीन स्ट्रीट या पत्त्यावर प्रयोगशाळा थाटली गेली. ७ जानेवारी १९२७ रोजी पेटंटचा अर्ज गेला. अर्जदाराचे वय वीस वर्षे.

इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण नाटककाराची खरी परीक्षा या प्रयोगशाळेत आहे. संशोधकाच्या आयुष्यावर नाटक लिहिणे इतके कठीण का? सेनापतीचे नाटक होते, संताचे होते, राजाचे तर होतेच होते. त्यांची कृती डोळ्यांना दिसते. संशोधक मात्र दिवसेंदिवस एका टेबलाशी बसून असतो. त्याचे युद्ध काचेशी, सिझियमच्या थराशी, गळक्या निर्वाताशी. फार्न्सवर्थला नळीचे एक टोक सपाट हवे होते. काच फुंकणारे कारागीर म्हणाले, हे होणार नाही, हवा काढली की फुटेल. मग पेमचा भाऊ क्लिफ गार्डनर, ज्याने आयुष्यात कधी काच फुंकली नव्हती, तो ती विद्या शिकला आणि त्याने ती नळी करून दाखवली. किती नळ्या फुटल्या असतील, किती रात्री गेल्या असतील! रंगमंचावर हे सगळे दोन वाक्यांत उरकावे लागते.

आणि मग ७ सप्टेंबर १९२७. एका खोलीत क्लिफ, त्याच्यासमोर काळी केलेली काच आणि तिच्यावर ओढलेली एक सरळ रेघ. काचेमागे प्रखर दिवा. दुसऱ्या खोलीत फार्न्सवर्थ, पेम, एव्हरसन, समोर छोटासा पडदा. आधी नुसता धूसर उजेड, मग त्यात एक रेघ. फार्न्सवर्थने क्लिफला काच वळवायला सांगितली. पडद्यावरची रेघ वळली. बस्स, एवढेच. चेहरा नाही, राजा नाही, गाणे नाही. एव्हरसनने लॉस एंजेलिसला गॉरेलकडे तार ठोकली की यंत्र चालले.

ही घटना सॉर्किन यांनी चांगली पेलली आहे, हे मी मोकळेपणाने सांगतो. प्रेक्षकाला शास्त्र शिकवत बसायचे नाही, पण रेघ वळण्याचा अर्थ मात्र त्याला कळलाच पाहिजे. रेघ दिसली हा कदाचित योगायोग असेल, कुठला तरी विद्युत दोष असेल. इकडे काच वळवल्यावर तिकडे रेघ वळते तेव्हा शंका संपते. विज्ञानातली खात्री म्हणजे काय, हे त्या एका हालचालीत आहे आणि ती हालचाल रंगमंचावर दाखवता येते. पुढे पैसे लावणारे विचारू लागले, यातून डॉलर कधी दिसणार? तेव्हा फार्न्सवर्थने त्यांना पडद्यावर डॉलरचे चिन्ह दाखवले. ही घटना खरी आहे, कुणा नाटककाराची करामत नाही.

नाटकाची दुसरी जमेची बाजू त्याची रचना. दोन माणसे थेट प्रेक्षकांशी बोलतात. सारनॉफ फार्न्सवर्थची गोष्ट सांगतो, फार्न्सवर्थ सारनॉफची. प्रतिस्पर्धी एकमेकांचे सूत्रधार. आपल्याकडच्या प्रेक्षकाला सूत्रधार नवा नाही, पण वैऱ्याने वैऱ्याची कथा सांगावी आणि मध्येच दुसऱ्याने ती अडवावी, यात वेगळीच धार आहे. सारनॉफही साधा खलनायक नाही. रशियन साम्राज्यात मिन्स्कजवळच्या खेड्यात जन्मलेला ज्यू मुलगा, १९०० साली न्यूयॉर्कला आलेला, वर्तमानपत्रे विकून घर चालवणारा, मार्कोनीच्या कंपनीत पोऱ्या म्हणून लागलेला आणि १९३० साली आरसीएचा अध्यक्ष झालेला. टायटॅनिक बुडाली त्या वेळी आपण एकट्याने तारयंत्राशी बसून बचावलेल्यांची नावे टिपली, असे तो आयुष्यभर सांगत राहिला. इतिहासकारांना ते मान्य नाही. अशा माणसाच्या तोंडी दुसऱ्याचे चरित्र देणे, ही कल्पनाच नाट्यमय आहे.

आता खटल्याकडे येतो.

आरसीएकडे व्लादिमिर झ्वोरिकिन हा रशियातून आलेला अव्वल दर्जाचा अभियंता होता. त्याने वेस्टिंगहाउस कंपनीत असताना १९२३ साली इलेक्ट्रॉनिक दूरचित्रवाणीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. १९३०च्या एप्रिलमध्ये तो ग्रीन स्ट्रीटवर येऊन फार्न्सवर्थची नळी पाहून गेला, आणि ही आपण शोधायला हवी होती असे मोकळेपणाने बोलला. पुढच्या वर्षी खुद्द सारनॉफ येऊन गेला. फार्न्सवर्थ त्या वेळी गावात नव्हता. आरसीएने सगळ्याचे मिळून एक लाख डॉलर देऊ केले. फार्न्सवर्थने नाकारले. मग कंपनीने पवित्रा बदलला आणि झ्वोरिकिनचा अर्ज आधीचा असल्याचे सांगत पेटंट कार्यालयात अग्रहक्काचा वाद उभा केला.

टॉलमन मास्तरांनी साक्ष दिली. बारा वर्षांपूर्वीची आकृती पुन्हा काढून दाखवली, तो जपलेला कागद पुढे केला. या प्रसंगावर कोणताही नाटककार लुब्ध होईल, आणि लोकांच्या आठवणीतही खटला मास्तरांच्या कागदाने जिंकला असेच राहिले आहे. प्रत्यक्षात निकाल उभा राहिला तो रूक्ष तांत्रिक मुद्द्यावर. १९२३च्या मूळ अर्जात झ्वोरिकिनने जे लिहिले होते, त्यातून विद्युत-प्रतिमा तयार होऊन ती वाचली जाईल असे सिद्ध होत नव्हते. फार्न्सवर्थच्या अर्जातून होत होते. पेटंट परीक्षकाने अग्रहक्क फार्न्सवर्थला दिला. आरसीएने अपील केले. १९३६ साली तेही फेटाळले गेले. १९३९ साली आरसीएने त्याच्याशी करार केला. दहा वर्षांत दहा लाख डॉलर, शिवाय वापरापोटी मानधन. जी कंपनी इतरांकडून असे मानधन वसूल करायची, तिने पहिल्यांदा ते द्यायचे कबूल केले.

हे सगळे नाटकात उलटे आहे. फार्न्सवर्थ हरतो. चरित्रकारांनी आक्षेप घेतला, कुटुंबीय दुखावले. नाटककाराच्या बाजूने काय म्हणता येईल तेही पाहू. कुणी म्हणेल, नाटक म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे. मान्य. कुणी म्हणेल, गोष्ट सारनॉफ सांगतो आहे, त्याचे खरे कशाला धरायचे? हा युक्तिवाद हुशार आहे, पण पुरेसा नाही. नाटक पाहून घरी जाणाऱ्या प्रेक्षकाला निकाल उलटा दाखवला गेला हे कळायला काहीही मार्ग नाही.

आपण मराठी माणसे या वादात अनुभवी आहोत. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ आले आणि नाना फडणविसांच्या चित्रणावरून पुणे पेटले. विजय तेंडुलकरांनी त्या वेळी स्पष्ट भूमिका घेतली होती की हे ऐतिहासिक नाटक नाही. ब्राह्मणांची मानवी भिंत, नाच, गाणी, पावलापावलाला ते नाटक प्रेक्षकाला बजावत असते की हा खेळ आहे, इतिहास म्हणून पाहू नका. त्या नाटकाचा मी आजही पक्षपाती आहे. सॉर्किन यांचे नाटक मात्र तारखा देते, पत्ते देते, नावे देते, आम्ही घडलेले सांगतो आहोत असा विश्वास प्रेक्षकात निर्माण करते, आणि त्याच विश्वासावर खोटा निकाल हाती ठेवते.

मायकल फ्रेन यांचे १९९८चे ‘कोपनहेगन’ हे नाटक घ्या. १९४१ साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरना भेटायला गेला, त्या भेटीत नेमके काय बोलणे झाले याची खात्री कुणालाच नाही. फ्रेन यांनी ती अनिश्चितता हाच विषय केला. नाटक इतके गाजले की बोर यांच्या न पाठवलेल्या पत्रांचे मसुदे त्यांच्या कुटुंबाने २००२ साली ठरल्या वेळेआधी खुले केले. म्हणजे नाटकाने इतिहासाची कागदपत्रे बाहेर आणली! जिथे माहिती नाही तिथे कल्पनेने जरूर जावे. फार्न्सवर्थच्या खटल्यात काहीच धूसर नाही. निकाल छापील आहे.

आणि संशोधकाच्या बाबतीत ही गोष्ट इतर चरित्रनायकांहून वेगळी आहे, हे माझे मुख्य म्हणणे. राजाचा एखादा पराभव नाटकात बदलला तरी त्याचे राज्य इतिहासात उरते. संशोधकाचे राज्य म्हणजे ‘हे आधी मी केले’ एवढे एक वाक्य. त्याच्याकडे दुसरे काही नसते. फार्न्सवर्थच्या नशिबी पैसा फारसा आला नाही, कीर्ती आली नाही. आला तो एक निकाल. नाटककाराने नेमका तोच काढून घेतला.

मी फार्न्सवर्थचा वकील म्हणून उभा नाही. त्याच्या नळीत मोठी उणीव होती. पावसात पागोळ्यांखाली भांडे धावत नेले तर प्रत्येक धारेचे जेमतेम चार थेंब भांड्यात पडतात. प्रत्येक धारेखाली एकेक भांडे ठेवून दिले तर ते भरते. फार्न्सवर्थच्या नळीत प्रत्येक बिंदूचा प्रकाश फक्त वाचण्याच्या क्षणी कामी यायचा, बाकीचा वाया. झ्वोरिकिनच्या आयकॉनोस्कोप नावाच्या नळीत तो विद्युतभाराच्या रूपाने साठत राहायचा. म्हणून फार्न्सवर्थच्या कॅमेऱ्यापुढे डोळे दिपवणारे दिवे लागत. १९२९ साली पेमची प्रतिमा प्रक्षेपित झाली त्यात तिचे डोळे मिटलेले आहेत, ते बहुधा याच दिव्यांमुळे. स्टुडिओत चालला तो झ्वोरिकिनचा मार्ग. दूरचित्रवाणीचा जनक एकच, असे म्हणणारा कुणीही अर्धेच सांगतो. ही गुंतागुंत नाटकात भरभरून यायला हवी होती. ती आली असती तर निकाल उलटा करायची गरजच पडली नसती.

कारण खरा शेवट नाटकातल्या शेवटापेक्षा कितीतरी दारुण आहे. दाव्यात हरून कोसळलेला माणूस आपण शेकडो नाटकांत पाहिला आहे. हा माणूस जिंकून कोसळला. त्याचे मुख्य पेटंट २६ ऑगस्ट १९३०चे, मुदत सतरा वर्षांची. त्यातली कित्येक वर्षे खटल्यात गेली. करार झाला त्याच सुमारास जगात महायुद्ध सुरू झाले. अमेरिकाही युद्धात उतरली, १९४२मध्ये घरगुती टीव्ही संचांचे उत्पादन थांबले. युद्ध संपून घराघरांत संच जाऊ लागले, तोवर १९४७ उजाडले आणि मुदत संपली. मधल्या काळात १९३२ साली फार्न्सवर्थ आणि पेम यांचा तान्हा मुलगा केनी घशाच्या संसर्गाने गेला. फार्न्सवर्थला कामावरून सुटी न मिळाल्याने पेम एकटीच ते छोटे कलेवर आगगाडीने युटाला घेऊन गेली, असे तिने पुढे सांगितले आहे. नंतर दारू, मनाचा आजार, १९४९मध्ये कंपनीची विक्री. १९५७ साली एका टीव्ही कार्यक्रमात पाहुण्याचे गुपित ओळखायचा खेळ होता. फार्न्सवर्थ पाहुणा म्हणून आला. त्याचे गुपित हे, की टीव्हीचा शोध त्याने लावला. ओळखणाऱ्या मंडळींपैकी कुणालाही ते ओळखता आले नाही. बक्षीस म्हणून त्याला ८० डॉलर आणि सिगारेटचे एक खोके मिळाले. ११ मार्च १९७१ रोजी तो गेला.

खटला जिंकलेला आणि स्वतःच निर्माण केलेल्या पडद्यावरही कुणाला ओळखू न आलेला माणूस. यावर नाटककाराला आणखी काय रचायचे होते?

हे मी इतक्या तळमळीने सांगतो आहे त्याला घरचे कारण आहे. मुंबईत १८६७ साली जन्मलेले शंकर आबाजी भिसे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? वाणसामान तोलून देणारे यंत्र, छपाईचे खिळे वेगाने पाडणारी ‘भिसोटाइप’ आणि इतर अनेक शोध. दादाभाई नौरोजींनी त्यांना लंडनमध्ये आधार दिला, सर रतन टाटांनी पैसा लावला, पण यंत्राचा व्यापार उभा राहिला नाही. भिसे अमेरिकेत गेले आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. भारताचा एडिसन म्हणून त्यांचे कौतुक झाले, आणि मग आपण त्यांना विसरलो. पैसा लावणाऱ्यांची घाई, परक्या देशातली कार्यालये, कागदावरचा हक्क आणि हातात न आलेले फळ, नाटकाला लागते ते सगळे त्या आयुष्यात आहे.

इथे बसलेल्या तरुण नाटककारांना माझी विनंती आहे. भिशांवर नाटक लिहा. संवाद तुमचे रचा, प्रसंग जोडा, दोन माणसांचे एक पात्र करा, काळ मागेपुढे करा, त्याला माझी काहीच हरकत नाही. फक्त लिहायला बसण्याआधी त्यांची पेटंटे मिळवून वाचा, आणि त्यांत ज्या तारखेला जे त्यांचे म्हणून नोंदलेले आहे, ते रंगमंचावर त्यांच्याकडेच राहू द्या.